दगडाची उंची

आमचे साहेब मूळचे कोकणातले. चांद्याला बदली होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "अहो ओव्हरसियर, इथून समुद्र किती लांब?" मी जन्माचा चांद्याचा. समुद्र मी शाळेच्या नकाशात निळ्या रंगात पाहिलेला. "बराच लांब असेल, साहेब," मी म्हणालो. त्यावर ते असे हिरमुसले, की समुद्र मीच कुठेतरी लपवून ठेवलाय की काय असं मला वाटायला लागलं.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होतो आणि सरकारी रस्ते-इमारतींवर ओव्हरसियर होतो. स्वभावाने तापट, कामाला बरा, आणि वहीत एकदा लिहिलं की ते खरं, असं मानणारा. एटापल्लीच्या अलीकडे जंगलात एक तळं आहे. उन्हाळ्याच्या धुरकट दुपारी त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. दौऱ्यावर असताना साहेबांनी ते पाहिलं, जीप थांबवली, बूट काढले, पँट वर दुमडून घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले. बाहेर आले ते वेगळाच माणूस होऊन. "इथे किनारा करू," ते म्हणाले.

किनारा म्हणजे नेमकं काय, ते आम्हाला हप्त्याहप्त्याने कळत गेलं. आधी चार खोल्यांचं, मोठ्या व्हरांड्याचं विश्रामगृह. मग पाण्यात उतरायला दगडी पायऱ्या. मग पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना रेती. नदीची रेती बैलगाड्यांतून आणून तळ्याच्या काठी पसरायची, म्हणजे नागपूरपर्यंतचे लोक हवापालटाला येतील आणि त्यांची पोरं वाळूत घरं बांधतील. तळ्याकाठी ढिवरांची वीस-पंचवीस घरं होती. जाळी टाकून मासे धरायचे, काठालगत थोडं धान पिकवायचं, आणि काम निघालं तर मजुरी करायची, असं त्यांचं चालायचं. आमच्या कामावर तेच मजूर होते. त्यांच्यात एक म्हातारे होते, माझ्या वडिलांच्या वयाचे, त्यांना सगळे भाऊ म्हणत आणि मीही तसंच म्हणायचो. रेतीची तिसरी गाडी खाली करताना त्यांनी मला विचारलं, "बाबूजी, नदीतली रेती नदीत बरी होती. तलावाले काऊन आनून राह्यले?"

"समुद्रावानी दिसावं म्हणून."

"समुद्रात रेती रायते?"

"रायते म्हणते."

"अन् मासोया?"

"मासोया बी."

"मंग आपला तलाव काऊन समुद्र नाई?"

मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की मला राग येतो. "तुम्ही गाडी खाली करा ना, भाऊ," मी म्हणालो. भाऊंनी निमूटपणे गाडी खाली केली. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात तसाच राहिला, आणि त्या कामावर पुढे जे जे झालं त्यातल्या बहुतेक गोष्टींची उत्तरं मला आली नाहीत, ती आजतागायत.

विश्रामगृहाच्या पूर्वेला, मोहाच्या झाडांखाली, उभ्या दगडांची एक लांब रांग होती. काही दगड कमरेएवढे, एक-दोन माणसाएवढे, काही नुसते गुडघ्याएवढे वर आलेले आणि शेवाळाने काळेहिरवे झालेले. मी ते रोज बघत होतो. रस्ता आखताना ते आडवे येतात, एवढंच मला त्यांच्याबद्दल वाटत होतं. साहेबांनी ते पाहिले मात्र, आणि त्यांचा आवाजच बदलला. त्यांना इतिहासाचा नाद होता. दौऱ्यावरसुद्धा जाडजूड पुस्तकं बरोबर असत. ते एकेका दगडापुढे उभे राहिले, हात मागे बांधून. म्हणाले, "ओव्हरसियर, हे हजारो वर्षांपूर्वीचे आहेत. लोखंड नवीन होतं तेव्हाचे. कोण लोक होते, कुठून आले, कुठे गेले, काही पत्ता नाही. आपण किनारा करायला आलो आणि खाली इतिहास निघाला!"

त्यांनी मला काम नेमून दिलं. प्रत्येक दगडाला चुन्याने नंबर घालायचा, जमिनीपासूनची उंची मोजायची, नकाशा काढायचा, आणि गावात विचारून कोणाला काय माहीत आहे ते लिहायचं. मी टेप घेऊन दोन दिवस खपलो. एकूण एकोणतीस दगड भरले. सतरा नंबरची उंची तीन फूट दोन इंच. त्याच्यापुढे मी शेरा लिहिला, "शेवाळ नाही." ऊन जास्त लागत असेल, असं मनाशी ठरवलं आणि अठरा नंबरकडे वळलो. माझी चूक कुठे झाली म्हणाल तर तिथे झाली. तिथेच भाऊंना हाक मारून एक प्रश्न विचारला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

गावात विचारलं तर जितकी तोंडं तितके इतिहास. एकजण म्हणाला, लग्नाचं वऱ्हाड होतं, नवरदेवाने तळ्याला शिवी दिली म्हणून सगळे दगड झाले. दुसऱ्याने सांगितलं, राजाचे शिपाई आहेत, पहाऱ्यावर झोपले म्हणून शाप मिळाला. पाटलांच्या मते त्यांच्या पणजोबांनी गुरं बांधायला खुंट रोवले होते. मी सगळं लिहून घेतलं आणि डोकं धरून बसलो. भाऊ तेवढे काही बोलले नाहीत. नंतर मी त्यांना विचारलं की तुम्ही तेव्हा गप्प का बसलात, तर ते म्हणाले, "तुमी मले इचारलंच नाई जी. मी रेती टाकून राह्यलो होतो."

साहेबांनी वर पत्र पाठवलं. मग दगडांभोवती काटेरी तार लागली आणि एक पाटी आली: "अतिप्राचीन शिळा. हात लावू नये." पाहुण्यांना शिळा एका पातळीत दिसाव्यात म्हणून मी रांगेच्या मधल्या भागातली उंचवट्याची माती छिलून काढली आणि वरून हलका मुरूम पसरला. आता ती जागा कशी एकसारखी, नीटनेटकी दिसायला लागली. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला.

धान निघाल्यानंतर एका सकाळी डोंगरावरून काही माडिया माणसं खाली आली. तिघं मोठी आणि एक तान्हं. पुढे एक पन्नाशीचा माणूस, खांद्यावर कुऱ्हाड. त्याच्यामागे एक तरुण बाई, पाठीला तान्ही मुलगी बांधलेली. आणि त्या दोघांपासून चांगली पंधरा-वीस पावलं मागे, एकटीच, एक वयस्क बाई. तिच्या हातात कोंबडी होती आणि डोक्यावर मडकं. तारेपाशी येऊन ते थांबले. तार काय आहे, कशाला आहे, त्यांना कळेना. मी धावत गेलो आणि जोरात म्हणालो, "ए, आत जायचं नाही. सरकारी आहे." त्यांना माझं बोलणं समजलं नाही. मला त्यांचं समजलं नाही. मग मी भाऊंना हाक मारली. त्यांना डोंगरावरच्या लोकांची बोली येत होती, माशांच्या बदल्यात मोह आणायला ते नेहमी वर जात.

भाऊ त्या वयस्क बाईशी बराच वेळ बोलले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे बाई मंते, तिचा नवरा हाय आतमंदी."

"कुठी आत? आतमंदी कोनी नाई."

"थो," भाऊंनी बोट दाखवलं. बोट सतरा नंबरवर होतं.

मी हसलो. मग हसू थांबलं. भाऊ सांगत गेले ते असं. या लोकांत माणूस गेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात. चार वर्षांपूर्वी हिचा नवरा बांबू तोडायला गेला आणि कोसळत्या झाडाखाली सापडून मेला. घरातून निघताना त्याचं हिच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. याच माणसाने, म्हणजे तिच्या दिराने, आणि आणखी दहाजणांनी मिळून डोंगरातल्या नाल्यातून तो दगड वाहून आणला आणि वडिलांच्या दगडाशेजारी रोवला. "तवा आमीच भात रांधला होता त्याइच्यासाठी," भाऊ म्हणाले, "आमच्या घरून मासोया गेल्या होत्या."

अतिप्राचीन! मी पाटीकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, त्या बाईकडे बघितलं. मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त गोंधळ उडाला. लोखंडाच्या काळातला माणूस, आणि त्याची बायको माझ्यासमोर कोंबडी घेऊन उभी.

पण खरी गोष्ट पुढेच होती. या लोकांचं म्हणणं असं, की गेलेला माणूस घरच्यांवर खूश असला की त्याचा दगड वाढतो, आणि नाराज असला की जमिनीत जातो. त्या बाईने कमरेची एक दोरी सोडून दाखवली, पळसाच्या मुळाची. तिला गाठ मारलेली होती. दगड रोवला त्या दिवशीची ती उंची. दर वर्षी ती दोरी लावून बघतात, आणि तीनही वर्षं दगड गाठीच्या खालीच गेला होता. मधल्या काळात तिच्या सुनेची दोन बाळं गेली. आता तिसरी मुलगी झाली होती, सुनेच्या पाठीवर होती ती. दिराचं म्हणणं, भावाचा राग या बाईवर आहे आणि तो बाळांवर निघतो आहे. या बाळाला तिने अजून हातही लावला नव्हता. यंदा दगड गाठीवर आला नाही, तर तिने घर सोडून नदीपलीकडे आपल्या भावाच्या गावी जायचं, असं ठरलं होतं. तिनेही ते कबूल केलं होतं. म्हणून ती पंधरा पावलं मागे चालत होती.

"आता तुमची तार," भाऊ म्हणाले. "तारेतून दोरी कशी लावावं तिनं?"

मी खोलीत गेलो, पक्कड आणली आणि साहेबांची तार दोन ठिकाणी तोडली. विचार केला नाही. विचार करत बसलो असतो तर कदाचित तोडली नसती.

बाई आत गेली. आधी तिने चुन्याच्या आकड्यावरून बोट फिरवलं आणि हे कोणी केलं असं विचारलं. मी म्हणालो, मी. का केलं? मोजायला. तिने मान हलवली, मोजायचं काम तिला समजण्यासारखं होतं. मग ती खाली बसली, दोरीचं टोक मुरमावर दाबून धरलं आणि दोरी दगडाला लावून वर ओढली. गाठ दगडाच्या माथ्यापर्यंत पोचली नाही. दगड गाठीच्या वर चांगला तीन-चार बोटं होता. तिने दोरी काढली, पुन्हा लावली. दिराला बोलावलं. त्याने स्वतः लावून पाहिली. मग तिने भाऊंना काहीतरी विचारलं, आणि भाऊंनी मला.

"तुमी बी मोजला होता मंते ना? तुमच्या वहीत का हाय?"

मी वही उघडली. तीन फूट दोन इंच. टेप लावला. तीन फूट सात. आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. रांगेच्या मधल्या भागातली माती मी छिलली होती. माती पाच इंच खाली गेली होती, दगड होता तिथेच होता. भाऊंच्याही ते लक्षात होतं, कारण फावडं त्यांच्याच हातात होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सांगू का?" ते हळूच म्हणाले.

मला खरंच कळत नव्हतं. खोटं बोलायची मला सवय नव्हती. पण टेपवरचा आकडा खोटा नव्हता. ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती, सून बघत होती, दीर बघत होता. मी म्हणालो, "पाच इंच वाढला."

भाऊंनी ते त्यांच्या बोलीत सांगितलं. बाईने दोन्ही हातांनी दगडाला धरलं आणि कपाळ टेकून रडली, अगदी मोठ्याने. दीर बाजूला उभा होता. त्याने पायाच्या अंगठ्याने मुरूम जरा उकरला, खाली बघितलं, मग वर माझ्याकडे बघितलं. पण त्याने सुनेला खूण केली, आणि सुनेने पाठीवरचं फडकं सोडून बाळ सासूच्या मांडीवर दिलं.

नंतर कोंबडी झाली, मोहाची दारू झाली, भात शिजला. जेवताना मी भाऊंना म्हटलं, बाकीचे दगड कोणाचे ते तरी विचारा. बाळाला छातीशी धरून बाईने बसल्या जागेवरून सांगितलं. सोळा तिचा सासरा. पंधरा त्याचा बाप. चौदा त्याचा चुलता, वाघाने नेलेला. असं करत ती नऊपर्यंत गेली. अठराच्या पुढचे दुसऱ्या घराण्याचे, त्यांची नावं तिला माहीत नव्हती. नऊच्या अलीकडे, शेवाळात बुडालेल्या दगडांपाशी, तिने मान हलवली.

"ते कोनाचे?" मी विचारलं.

"त्याइचं कोनी राह्यलं नाई मंते," भाऊ म्हणाले. "कोनी येत नाई म्हनून खाली चालले ते."

म्हणजे साहेब म्हणत होते तो प्राचीन काळ त्या रांगेत होता का? असेल. कुठून सुरू होत होता? मला सांगता आलं नसतं, तिलाही नाही.

चौथ्या दिवशी साहेब आले. तुटलेली तार आणि सतरा नंबरखाली चिकटलेली पिसं बघून ते लाल झाले. मी सगळं सांगितलं. दगड चार वर्षांचा आहे हे ऐकून ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले. त्यांनी वर पाठवलेल्या पत्राचा मसुदा समोर टेबलावरच होता. मला त्यांची दया आली. मग ते उठले आणि म्हणाले, "ठीक आहे. तो एक नवीन आहे ना? काढून टाका. उद्या पहार लावा आणि पलीकडे जंगलात नेऊन ठेवा. बाकीची रांग तरी शुद्ध राहील."

खरं बोलून मी काय करून बसलो होतो! जुनाच आहे म्हणालो असतो तर दगड तारेच्या आत का होईना, जागेवर राहिला असता. मी म्हणालो, "साहेब, ते जमणार नाही." अशी भाषा मी आयुष्यात वरिष्ठांशी वापरली नव्हती. मग मी त्यांना दोरीचं, बाळाचं, मातीचं आणि पाच इंचांचं सांगितलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही त्या बाईला खोटं सांगितलंत."

"माहीत नाही, साहेब. आकडा खरा होता."

ते तळ्याकडे बघत उभे राहिले. त्यांच्या रेतीवर ढिवरांची जाळी वाळत पडली होती. त्याबद्दलही एरवी ते ओरडले असते. मग एकदम इंजिनिअरच्या आवाजात म्हणाले, "पावसाळ्यात वरच्या उतारावरची माती वाहून तिथे साचणार. साचली की पुढच्या वर्षी तुमचा दगड पुन्हा बुटका. काय करणार आहात?"

मी वरच्या उताराकडे बघितलं.

"अहो, वरच्या अंगाने चर काढा. पाणी बाजूला गेलं पाहिजे. एवढं सुचत नाही?" आणि आत जाता जाता म्हणाले, "तारेला एक फाटक करा. कडी नको."

चर मी स्वतः उभं राहून काढून घेतला. पाटी दुसऱ्या महिन्यात उतरली. साहेबांच्या किनाऱ्यावर नागपूरहून थोडे लोक आले, पोरं वाळूत खेळली. पहिल्याच पावसाळ्यात निम्मी रेती तळ्यात गेली. चरातून पाणी वाहत होतं, तरी सतराच्या मुळाशी चार-पाच बोटं माती बसलीच. मी दर आठवड्याला बघायचो आणि दर आठवड्याला स्वतःवर चिडायचो. एका अनोळखी बाईच्या नवऱ्याचा राग-लोभ मी कशाला सांभाळत बसलो होतो? उकरावं तर फसवणूक, न उकरावं तर ती बाई नदीपलीकडे. धान कापणी झाली तसा माझा धीर सुटला. उद्या ते लोक येणार असं भाऊंनी सांगितलं, त्या सकाळी मी फावडं घेतलं आणि रांगेकडे निघालो.

फाटक उघडं होतं. सतरा नंबरपाशी कोणीतरी उकिडवं बसलं होतं. तिचा दीर होता तो. डोंगरावरून एकटाच उतरून आला होता आणि कुऱ्हाडीच्या पात्याने भावाच्या दगडाभोवतीची माती हलक्या हाताने खरवडून काढत होता. काढलेली माती त्याने एका पानावर गोळा केली होती, खाली सांडू नये म्हणून. माझ्या पावलांचा आवाज आला तसा तो दचकून उभा राहिला. मी फावडं पाठीमागे लपवलं, पण ते त्याने पाहिलं होतं. भाऊ नव्हते, त्यामुळे बोलायला भाषाही नव्हती. मग त्याने कमरेला खोचलेली वहिनीची दोरी काढली, दगडाला लावली आणि गाठीकडे बोट दाखवून माझ्याकडे बघितलं.

गाठ आणि माथा सारखेच होते. अजून एवढा वर हवा, अशा खुणेने मी दोन बोटं आडवी धरली. तो पुन्हा खाली बसला, आणि मी त्याच्या शेजारी बसून दुसऱ्या बाजूची माती काढायला लागलो.